शेगावचे शिवशंकरभाऊ : एका विश्वस्ताचा कारभार

महाराष्ट्रातील मोठ्या देवस्थानांत जाऊन आलेला भाविक पहिल्यांदा शेगावला उतरतो तेव्हा त्याला दर्शनाआधी आश्चर्य वाटते ते व्यवस्थेचे. रेल्वे स्थानकाबाहेर संस्थानची बस उभी असते आणि तिला तिकीट नसते. चपला ठेवणारा हात पुढे करीत नाही. रांगेत कोणी खेकसत नाही. पुढे सरकायचे असेल तर 'माउली' अशी हाक येते. महाप्रसादाच्या पंगती एकामागून एक उठतात, पण जमिनीवर शीत सापडत नाही. संध्याकाळी परतणारा भाविक महाराजांविषयी जेवढे बोलतो तेवढेच या स्वच्छतेविषयी आणि अदबीविषयी बोलतो. या व्यवस्थेला जवळजवळ साठ वर्षे ज्यांनी वळण लावले ते शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ रोजी शेगावातील आपल्या घरी निवर्तले. ते ना संत होते, ना कीर्तनकार, ना निवडून आलेले पुढारी. बुलढाणा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावचे ते पाटील होते, शेतकरी घराण्यातले होते, आणि एका सार्वजनिक विश्वस्त संस्थेचे विश्वस्त होते.

विश्वस्त हा शब्द मराठीत इतका गुळगुळीत झाला आहे की त्याचा मूळ अर्थ सांगावा लागतो. जी मालमत्ता आपली नाही, ती ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या हितासाठी सांभाळणारा तो विश्वस्त. कायद्याच्या पुस्तकात ही व्याख्या आहेच. ती माणसाच्या रोजच्या दिनक्रमात उतरली तर काय होते, याचा शेगाव हा दीर्घकाळ चाललेला प्रयोग आहे.

कापसाचे गाव, खाऱ्या पाण्याचा मुलूख

शेगाव समजून घ्यायचे तर आधी भोवतालचा मुलूख पाहिला पाहिजे. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढच्या दशकात मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग पूर्णेच्या खोऱ्यातून गेला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा झाला. काळ्या कसदार जमिनीत पिकणारा वऱ्हाडी कापूस एकाएकी सोन्याच्या भावाचा झाला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव ही खास कापसासाठी घातलेली रेल्वे फाट्याची गाडी सुरू झाली. जलंबपासून जवळच मुख्य मार्गावर असलेले शेगावही या बाजाराच्या साखळीत आले. रेचे आले, अडते आले, व्यापारी आले. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज याच गावात प्रकट झाले असे भक्त मानतात.

मात्र या जमिनीला एक शाप आहे. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगा यांच्यामधून वाहणाऱ्या पूर्णेच्या दोन्ही काठांवर अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. सुमारे नऊशे गावे त्यात मोडतात. वर चिबड होणारी भारी माती आणि खाली खारट पाणी अशी ही रचना. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते पिकाला देता येत नाही आणि माणसालाही सोसत नाही. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत मूत्रपिंडाच्या आजारांनी घरेच्या घरे खचली. गोड्या पाण्यासाठी वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना करावी लागली. ओलिताची सोय नसल्याने शेती बहुतेक पावसाच्या भरवशावर. एक खरिपाचे पीक, त्यावर वर्षाचा संसार. कापसाचा भाव पडला किंवा पाऊस लांबला की सावकाराची पायरी. अशा मुलखात गावातल्या जत्रेला, पंगतीला, दिंडीला जो अर्थ असतो तो शहरी माणसाला सहसा कळत नाही.

गजानन महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधी घेतली. त्याच्या दोन वर्षे आधी, १२ सप्टेंबर १९०८ रोजी, ते हयात असतानाच शेगावात संस्थानची स्थापना झाली होती. ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बहुतेक ठिकाणी सत्पुरुषाच्या मागे शिष्यांत, पुजाऱ्यांत किंवा वारसांत वाद होतात आणि मग न्यायालयाच्या दारात जाऊन संस्था जन्माला येते. शेगावात संस्था आधी आली. गावातील पाटील घराण्याचा या साऱ्याशी पहिल्यापासून संबंध होता. दासगणू महाराजांनी १९३९ मध्ये पूर्ण केलेल्या 'श्री गजानन विजय' या एकवीस अध्यायांच्या ग्रंथात खंडू पाटील, हरी पाटील ही नावे वारंवार येतात; आणि शेगावच्या पाटील व देशमुख या दोन तटांतील वैरही त्या ग्रंथाने झाकून ठेवलेले नाही. भावकीच्या भांडणांनी गाजलेल्या गावात एक सार्वजनिक संस्था तंट्याविना शतकभर चालावी, यात नुसती श्रद्धा नव्हे, व्यवहारही पुष्कळ आहे.

विश्वस्त म्हणजे काय?

शिवशंकरभाऊंचा जन्म १२ जानेवारी १९४० चा. १९६२ मध्ये, वयाची बाविशी नुकतीच ओलांडली असताना, ते संस्थानचे विश्वस्त झाले. १९६९ पासून १९९० पर्यंत ते अध्यक्ष होते आणि त्यानंतर व्यवस्थापकीय विश्वस्त म्हणून अखेरपर्यंत त्यांनी कारभार पाहिला. वऱ्हाडात वडीलधाऱ्या कर्त्या माणसाला भाऊ म्हणतात. शेगावात नुसते भाऊ म्हटले की कोण, हे सांगावे लागत नसे.

त्यांच्याविषयीच्या गोष्टींपैकी सर्वांत अधिक सांगितली जाणारी आणि त्यांना ओळखणाऱ्या सर्वांनी दुजोरा दिलेली गोष्ट अगदी साधी आहे. संस्थानात दिवसभर काम करून ते संस्थानचा चहा घेत नसत. पिण्याचे पाणीसुद्धा घरून आणीत. ज्या महाप्रसादाला हजारो माणसे रोज बसत, तिथे ते जेवत नसत. शहरी वाचकाला हा कर्मठपणाचा अतिरेक वाटेल. परंतु ज्याने मोठ्या संस्थेचा व्यवहार पाहिला आहे त्याला त्यातील हिशेब कळतो. संस्थानच्या पेल्यातले पाणी विश्वस्ताने घेतले तर व्यवस्थापक चहा घेणार, त्याखालचा जेवण घेणार, आणि कोठीवरचा माणूस पोते घरी नेणार. रेघ कुठेतरी आखायचीच असेल तर ती पाण्याच्या पेल्यावर आखलेली बरी, कारण तिच्याबाबत कोणाला वाद घालता येत नाही. शिवाय अशी रेघ आखणाऱ्याला दुसऱ्याला उपदेश करावा लागत नाही.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भाऊंच्या निधनानंतर समाजमाध्यमांवर त्यांच्याविषयी कितीतरी कथा फिरल्या. अमुक संस्थेने देऊ केलेले एवढे कोटी त्यांनी नाकारले, तमुक काम मुदतीआधी करून एवढी रक्कम परत केली, असे नेमके आकडे त्यांत असतात. त्यांचा उगम मात्र कुठे सापडत नाही. भाऊंच्या कामाला या आकड्यांची गरज नाही. जे डोळ्यांना दिसते तेवढे पुरेसे आहे.

विश्वस्त आणि शासन यांच्या नात्यातही शेगाव जरा वेगळे आहे. महाराष्ट्रात धार्मिक व धर्मादाय संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवाव्या लागतात. विश्वस्त बदलला तर तो बदल कळवावा लागतो, दरवर्षी हिशेब तपासून द्यावे लागतात, आणि स्थावर मालमत्ता विकायची तर आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पण काही मोठ्या देवस्थानांबाबत शासनाने याहून पुढे जाऊन स्वतंत्र कायदे केले. पंढरपूरच्या मंदिरासाठी १९७३ चा कायदा झाला. बडवे-उत्पातांनी तो न्यायालयात लढवला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात २०१४ मध्ये संपला. मुंबईच्या सिद्धिविनायकासाठी १९८० मध्ये, शिर्डीसाठी २००४ मध्ये, शनिशिंगणापूरसाठी २०१८ मध्ये असे कायदे आले. या ठिकाणी विश्वस्त मंडळे शासन नेमते. सरकार बदलले की मंडळावर कोणाची वर्णी लागणार याची चर्चा वर्तमानपत्रांत सुरू होते. शेगावसाठी असा कायदा झालेला नाही. स्थानिक विश्वस्तांच्या हाती कारभार राहिला. शासनाने हात घालावा अशी मागणी जोर धरील इतकी तक्रारच उठली नाही, हे त्याचे मुख्य कारण म्हटले पाहिजे. अर्थात स्थानिक विश्वस्तांचे मंडळ म्हणजे मोजक्या घराण्यांचा कारभार, हा आक्षेपही अगदीच पोकळ नाही. घराण्याचा कारभार चांगला चालतो तेव्हा त्याचे कौतुक होते. बिघडतो तेव्हा तो दुरुस्त करायला दार सापडत नाही. भाऊंच्या काळात ते दार कोणाला शोधावे लागले नाही, एवढेच.

सेवाधारी आणि शेतीचे पंचांग

शेगावच्या व्यवस्थेचे खरे रहस्य सेवाधाऱ्यांत आहे. पांढऱ्या वेषातील हे स्त्री-पुरुष वेतन घेत नाहीत. काही दिवसांच्या पाळीने ते येतात, नेमून दिलेले काम करतात आणि प्रसाद घेऊन घरी जातात. त्यांची संख्या हजारांत आहे आणि सेवेसाठी नाव नोंदवून वाट पाहणाऱ्यांचीही मोठी यादी असते. झाडणे, भांडी घासणे, रांग लावणे, चपला सांभाळणे, पंगत वाढणे, म्हाताऱ्यांना हात देणे अशी ही कामे. यात पदवीधर असतात, निवृत्त अधिकारी असतात. पण मोठा भरणा आसपासच्या जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांचा आहे.

फुकट राबणारी माणसे मिळाली म्हणजे काम सोपे झाले, असे ज्यांना वाटते त्यांनी कधी स्वयंसेवकांकडून काम करून घेतलेले नसावे. पगारी माणसाला दटावता येते, त्याचा पगार कापता येतो. स्वयंसेवक रागावला तर निघून जातो. आणि न रागावता राहिला तर बहुधा त्याला मान हवा असतो. गणेशोत्सवाच्या मंडळात छातीवर बिल्ला लावून फिरणारे कार्यकर्ते आणि शेवटी मांडव आवरणारी चार माणसे यांचे प्रमाण सर्वांना ठाऊक आहे. शेगावात ही अडचण तीन साध्या उपायांनी आटोक्यात आली. काम नेमके आणि लहान ठेवले : एका माणसाकडे एक जागा, एक वेळ, एक कृती. पाळी ठरावीक ठेवली, म्हणजे कोणी कायमचा मालक होत नाही आणि कोणी थकूनही जात नाही. आणि सर्वांना एकच संबोधन दिले. सेवाधारी भाविकाला माउली म्हणतो, भाविक सेवाधाऱ्याला माउली म्हणतो. वारकरी संप्रदायातला हा जुना शब्द, पण त्याने हुकूम सोडणारा आणि हुकूम पाळणारा हा भेदच बोलण्यातून काढून टाकला. कंपन्यांच्या व्यवस्थापकांना आणि व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेगावचे कुतूहल वाटते ते यामुळेच.

या पाळ्यांचा शेतीच्या पंचांगाशी असलेला संबंध मात्र शहरातून आलेल्या अभ्यासकांच्या नजरेतून अनेकदा सुटतो. वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या वर्षात कामाचे आणि रिकामपणाचे ठळक पट्टे असतात. मृगात पेरणी, मग डवरणी आणि निंदण. पोळ्याच्या आसपास जरा उसंत. दसऱ्यानंतर सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी. उलंगवाडी झाली की उन्हाळाभर हाताला काम नाही. ओलिताच्या मुलखात बारमाही काम असते, खारपाणपट्ट्यात नसते. रिकाम्या दिवसांत माणूस पारावर बसतो, पत्त्यांच्या डावात अडकतो, नाहीतर कर्जाचा विचार करीत झुरतो. तोच माणूस शेगावला आठ-पंधरा दिवस नेमाने पहाटे उठतो, सांगितलेले काम करतो, दोन वेळा पोटभर जेवतो आणि अनोळखी माणसांकडून माउली म्हणवून घेतो. संस्थानला मनुष्यबळ मिळते हे खरे; पण देवघेव दुतर्फी आहे. ही गोष्ट ओळखायला पारंपरिक गावगाड्यातला, शेतीचे दिवस मोजता येणारा माणूसच व्यवस्थापनावर असावा लागतो.

शेतकऱ्यांच्या स्वयंसेवेवर मोठी यंत्रणा उभी राहिल्याची उदाहरणे जगात इतरत्र आहेत. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याची ग्रामीण अग्निशमन सेवा सुमारे सत्तर हजार स्वयंसेवकांच्या बळावर चालते. त्यांतले पुष्कळजण गहू पिकवणारे, मेंढ्या पाळणारे शेतकरी आहेत; वणवा लागला की ते गणवेश चढवून गावच्या बंबावर जातात, आणि त्यांचा नायकही बहुधा गावातलाच, सर्वांनी पारखलेला शेतकरी असतो. तिथे संकट जोडते, इथे श्रद्धा जोडते. साम्य आहे ते नायकाच्या निवडीत : ज्याची वागणूक पिढ्यान्‌पिढ्या शेजाऱ्यांना दिसत आली आहे, त्याच्या सांगण्यावरून माणसे बिनमोल राबतात.

सेवाधाऱ्यांची शिस्त सर्वांत उठून दिसते ती पालखीत. १९६८ पासून शेगावची पालखी आषाढीला पायी पंढरपूरला जाते. सुमारे सातशे वारकरी, सातशे किलोमीटरहून अधिक वाट, महिन्याहून अधिक दिवस. परळी, अंबाजोगाई, सोलापूर, मंगळवेढा असा प्रवास. ओळीत चालणारे पांढऱ्या वेषातील टाळकरी आणि पताकाधारी पाहायला मराठवाड्यात गावेच्या गावे रस्त्यावर येतात. पालखी निघते ती मृगाच्या तोंडावर, म्हणजे पेरणीची लगबग असते तेव्हा, आणि परत येते श्रावणात. घरचे कर्ते माणूस ऐन पेरणीत दोन महिने बाहेर राहणार असेल तर पाठीमागे भाऊ, मुलगा किंवा सालदार यांनी शेत सांभाळायला हवे. म्हणजे सातशे वारकऱ्यांमागे न दिसणारी तितकीच घरे उभी असतात. पालखीच्या शिस्तीचे श्रेय देताना या घरांचा उल्लेख सहसा होत नाही.

दानाचा पैसा कुठे जातो?

देवस्थानांकडे येणारा पैसा हा महाराष्ट्रात नेहमीच वादाचा विषय राहिला आहे. शेगावने तो कळसावर आणि सिंहासनावर फारसा न लावता माणसांवर लावला, हे भाऊंच्या काळातील दुसरे वळण. १९८३ मध्ये, महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण वसंतदादा पाटील यांच्या सरकारने घेतले, त्याच वर्षी शेगावात श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्या धोरणातून राज्यभर जी महाविद्यालये निघाली त्यांतील कितीतरी राजकारण्यांची घरगुती संस्थाने बनली. शेगावच्या महाविद्यालयाने मात्र वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या मुलांना पुण्या-मुंबईला न जाता अभियंता होण्याची वाट दिली आणि आपले नाव राखले.

दवाखाने, सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यांवर जाणारी फिरती वैद्यकीय पथके, आदिवासी मुलांसाठी शाळा, मतिमंद मुलांसाठी विद्यालय, वारकरी शिक्षण देणारी संस्था अशी कामांची यादी लांब आहे. त्यातील एक काम वरवर क्षुल्लक, पण फार मार्मिक आहे. गावोगावच्या भजनी मंडळांना संस्थान वीणा, मृदंग, टाळ आणि ज्ञानेश्वरी, गाथा, एकनाथी भागवत हे ग्रंथ देते. खर्चाच्या मानाने हे अल्प आहे. परंतु ज्या गावात मृदंग फुटला म्हणून भजन बंद पडले आहे, त्या गावात संध्याकाळी दहा माणसे एकत्र बसण्याचे शेवटचे निमित्तही संपलेले असते. मृदंग गेला की बसण्याची जागा पुढाऱ्याच्या ओट्यावर किंवा गुत्त्यात, हे खेड्याचा अनुभव असणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

तरीही संस्थानच्या आसपासचा मुलूख सुखी झाला, असे म्हणणे खोटे ठरेल. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नावर तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि त्यांनी ३७५० कोटी रुपयांची मदत योजना जाहीर केली, तेव्हा तिच्यातील सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. कापसाचा भाव, पीककर्ज, सिंचनाचा अनुशेष हे प्रश्न एखादे देवस्थान सोडवू शकत नाही. ते सोडवणे हे त्याचे कामही नाही. पण एवढ्या मोठ्या श्रद्धेचा आणि शिस्तीचा ओघ शेतीच्या प्रश्नाकडे आणखी वळवता आला असता का, हा प्रश्न वऱ्हाडातील शेतकरी चळवळीतली माणसे अधूनमधून विचारतात. भाऊंनी संस्थानला आंदोलनांपासून आणि पक्षांपासून कटाक्षाने दूर ठेवले. सर्व पक्षांचे नेते शेगावला येत, माथा टेकत आणि जात. संस्थानचे व्यासपीठ त्यांना मिळत नसे. यामुळे संस्था वाचली हे नि:संशय. एक मोठा आवाज त्यामुळे गप्प राहिला, असेही कोणाला वाटू शकते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला हरकत नाही.

आनंद सागर आणि नंतर

भाऊंच्या कारकिर्दीतील सर्वांत डोळ्यांत भरणारी आणि सर्वांत अडचणीची ठरलेली निर्मिती म्हणजे आनंद सागर. या शतकाच्या आरंभी शेगावच्या माळावर, पाणीटंचाईने कायम ग्रासलेल्या गावात, सुमारे दोनशे एकरांच्या परिसरात मोठे तळे, बेटावर कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाची आठवण देणारे ध्यानमंदिर, संतांच्या मूर्ती, गर्द झाडी आणि मुलांसाठी छोटी आगगाडी असे उद्यान उभे राहिले. उन्हाळ्यात जिथे बाभळीखेरीज सावली नव्हती तिथे हिरवळ दिसू लागली. शाळांच्या सहली, नवविवाहित जोडपी, शेतमजुरांची कुटुंबे तिथे येऊ लागली. ज्यांना महाबळेश्वर किंवा म्हैसूर परवडत नाही त्यांचे ते महाबळेश्वर होते.

पण जमीन शासनाची, भाडेपट्ट्याने घेतलेली. पुढे भाडेपट्ट्याच्या अटींवरून प्रश्न उपस्थित झाले. करमणुकीचा भाग बंद झाला, आणि २०२० च्या टाळेबंदीत सारेच थांबले. नंतर अध्यात्म आणि ध्यान यांसाठी काही भाग पुन्हा खुला झाला, पण पूर्वीची आगगाडी आणि गर्दी परतली नाही. समाधी शताब्दीच्या, म्हणजे २०१० च्या सुमारास, शासनाने शेगावच्या विकासाचा कोट्यवधींचा आराखडा हाती घेतला होता. त्याच्या कामांवर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला लक्ष ठेवावे लागले. अतिक्रमणे, रस्ते, पुनर्वसन यांत तो वर्षानुवर्षे रेंगाळला. संस्थानच्या आवारातले काम आणि आवाराबाहेरचे काम यांतील फरक शेगावकर रोज पाहत आले आहेत. एकाच गावात, एकाच मातीतल्या माणसांकडून, दोन प्रकारची कामे होतात. त्याचे कारण माणसांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा कामाची आखणी कोण करतो आणि चुकीचा जाब कोण घेतो, यात शोधलेले बरे.

करोनाच्या साथीत मंदिर बंद झाले तेव्हा संस्थानने आपल्या निवासी इमारती विलगीकरणासाठी दिल्या आणि अडकलेल्या माणसांसाठी अन्नछत्र चालवले. ज्या कोठीत भाविकांचा स्वयंपाक होई तिथेच हे अन्न शिजले. स्वयंपाकघर, भांडी, खोल्या, शिस्त सारे तयार होते. पंगतीच्या व्यवस्थेला आपत्तीच्या व्यवस्थेत बदलायला फारसे काही करावे लागले नाही.

भाऊंच्या निधनाला आता काही वर्षे झाली आहेत. कारभार पुढच्या पिढीकडे गेला आहे. पंढरपूर, आळंदी, त्र्यंबकेश्वर, ओंकारेश्वर आणि गिरडा येथील शाखा चालू आहेत. ज्येष्ठात पालखी निघते, ऋषिपंचमीला समाधीचा उत्सव होतो, माघात प्रकटदिनाला गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. सेवेसाठी येणाऱ्यांत बदल होत आहे. शेतकऱ्यांची मुले पुण्याला, नाशिकला नोकरीला लागली. त्यांना उन्हाळ्याची उसंत नसते, वर्षाच्या रजा मोजून घ्याव्या लागतात. सोयाबीनने कापसाची जागा घेतल्याने शेतीचे रिकामे दिवसही पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. पाळ्यांचे जुने गणित ज्या शेतीवर बसवले होते ती शेतीच बदलते आहे, आणि नव्या विश्वस्तांना ते गणित पुन्हा मांडावे लागणार आहे.